जाळं ओलांडायचं नाही

इमारतीचं नाव 'सागरकिनारा'. नवीन पनवेलात रुळांच्या अलीकडे ती उभी आहे. गच्चीवर चढून टाचा उंचावल्या तरी सागर काही दिसत नाही. दिसतात शेजारच्या इमारतींच्या पाण्याच्या टाक्या, आणि हवा मोकळी असेल तर लांब प्रबळगडाचा माथा. पण फाटकावर निळ्या लाटा काढल्या आहेत, लाटांवर शिडाची होडी आणि होडीवर सोनेरी अक्षरं. दाजी इथे राहायला आले त्या दिवशी त्यांनी ती होडी नीट निरखली आणि म्हणाले, "वारा हिकडचा नि शीड तिकडं. ही बुडनार."

दाजी उरणकडचे कोळी. बंदरासाठी खाडीत भराव पडला तेव्हा मासळी गेली आणि मासळीमागून होडीही गेली. मुलगा महादेव न्हावा शेव्याला क्रेनवर लागला, त्याने पनवेलात तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं, आणि म्हाताऱ्याला नि म्हातारीला सोबत आणलं. दाजींनी गावाकडून दोनच गोष्टी आणल्या. एक बायको चंद्रावती आणि दुसरं शेवटचं जाळं. चंद्रावतीला स्वयंपाकघर मिळालं, जाळ्याला माळा मिळाला.

सागराच्या नावाच्या या इमारतीत सागरातलं काहीच चालत नसे. चंद्रावतीने बोंबील तळले की जिन्यात दारं धडाधड बंद होत. सुकट वाळत घातली तर खालून फोन येई. आणि सोसायटीचा सेक्रेटरी केतन, जो सगळ्यांत आधी नाक धरी, तोच शनिवारी बायकामुलांना गाडीत घालून पळस्प्याच्या हॉटेलात सुरमई खायला जाई. हे चंद्रावतीला पक्कं ठाऊक होतं, कारण सोमवारी त्याचा मुलगाच जिन्यात सांगत सुटे.

हे सगळं दाजींनी गिळलं होतं. परक्या वस्तीत माणूस बरंच गिळतो. पण नातीचं प्रकरण सुरू झालं तेव्हा त्यांच्या घशात काटा अडकला तो अडकलाच.

नात म्हणजे अंकिता. अकरावीला होती आणि हॉकी खेळायची. घरात कुणी कधी हॉकीची काठी पाहिली नव्हती. सुरुवातीला चंद्रावतीला ती काठी चुलीतली लाकडं सारायच्या कामाची वाटली. पण पोर खरंच चांगली खेळायची. तिच्या मोनाली मॅडम घरी येऊन सांगून गेल्या होत्या, "जिल्ह्याच्या संघाची निवड पुढच्या रविवारी आहे. हिचे पाय हरणाचे आहेत, पण गोलसमोर आली की फटका डावीकडे जातो. मनगट आधीच मिटतं. रोज सराव झाला तर ही संघात असलीच म्हणून समजा."

रोज सराव! आणि तो कुठे? कॉलेजच्या मैदानावर लग्नसराईचा मांडव पडला होता. जिथे गोलचे खांब, तिथे नवरानवरीच्या खुर्च्या. मॅडमनी चार ठिकाणी हातापाया पडून पाहिलं. सगळीकडून उत्तर एकच, सीझन संपू दे.

मग अंकिता घरातच खेळू लागली. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक अरुंद बोळ होता. त्यात तिने पाण्याच्या रिकाम्या बाटल्या ओळीने मांडल्या आणि त्यांच्यामधून चेंडू नेऊ लागली. हॉकीच्या काठीची एकच बाजू सपाट असते. म्हणून चेंडू डावीकडून उजवीकडे न्यायचा तर काठी दर वेळी पालथी करावी लागते. डाव्या हाताने काठी फिरवायची, उजव्या हाताने ती नुसती सैल धरायची. टक, टक, टक. दाजी पलंगावर बसून बघत. चेंडू काठीला चिकटल्यासारखा जाई. त्यांना ते आवडायचं, पण तोंडाने म्हणत, "बाटल्या पाडतेस गो. हरलीस."

"आजा, पाडली तर मी हरले. नाय पाडली तर तू वडापाव आणायचा."

"आन तू हरलीस तर?"

"तर तू दोन आणायचे. दुःखात भूक जास्त लागते."

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरची हेतल वर आली. तिचं तान्हं बाळ दुपारी झोपत नव्हतं. ती भांडायला आली नव्हती. दारात उभी राहून अवघडून म्हणाली, "आजी, आवाज सगळा आमच्या छतावर येतो. मी काय करू, तुम्हीच सांगा."

अंकिताने त्याच दिवशी चेंडूला जाड मोजा चढवला. टकटक बंद झाली, नुसती फसफस उरली. हेतलने खालून बिस्किटांचा पुडा पाठवला आणि तो प्रश्न मिटला.

पण मोज्यातल्या चेंडूला फटका मारता येत नाही. फटक्याला मोकळी जागा लागते आणि समोर काहीतरी अडवणारं लागतं. अंकिता गच्चीवर गेली. दुसऱ्या दिवशी गच्चीला कुलूप. "टाकीला धक्का लागेल," केतन म्हणाला. ती खाली पार्किंगमध्ये गेली. महादेवच्या नावाची एक जागा तिथे होती, मागे भिंत, दोन बाजूंना खांब, जमिनीवर पिवळ्या रेषा. गाडी नव्हतीच, एक स्कूटर तेवढी उभी असे. अंकिताने स्कूटर बाहेर काढली आणि भिंतीवर फटके मारू लागली. चेंडू भिंतीवरून उसळला आणि कुणाच्या तरी गाडीच्या चाकाला जाऊन थांबला. चाकाला, काचेला नाही. तरी संध्याकाळी फर्मान आलं, पार्किंगमध्ये हॉकी बंद.

आणि गंमत बघा. त्याच पार्किंगमध्ये दर रविवारी सोसायटीची मुलं क्रिकेट खेळत. त्यांनी मागे नळाची तोटी उडवली होती, दिवा फोडला होता. त्यांना केतन स्वतः गोलंदाजी टाकायचा.

त्या संध्याकाळी अंकिता दाजींच्या पलंगापाशी येऊन बसली. बराच वेळ काठीला गुंडाळलेली पट्टी सोडत आणि गुंडाळत राहिली.

"आजा, तुझं जाळं दे ना."

"कंचं जाळं?"

"माळ्यावरचं. खांबाला बांधलं की चेंडू बाहेर जाणारच नाही. गोलपण होईल आणि भिंतही होईल."

दाजी ताडकन उठून बसले. "जाळं काय खेळनं हाय? नारळी पुनवेला पुजलेलं जाळं हाय ते! तुला ठावं नाय? बाईमानसानं जाळ्यावरनं जायाचं नाय, पाय लावायचा नाय. लहान होतीस तवापासून सांगतोय."

"पण आता ते दर्यात जाणारच नाय."

"नाय गेलं तरी जाळं ते जाळंच. बाईच्या पायाची ती जागा नव्हं."

अंकिता उठली. "बरं," म्हणाली. नेहमीसारखी हुज्जत घातली नाही, हेच दाजींना खुपलं. आणि संशयही आला. पोरगी हट्टी. उद्या आपण खाली गेलो की माळ्यावर चढेल. त्यांनी शेजारच्या प्रितेशला हाक मारली, दोघांनी मिळून जाळ्याचा तो मोठा गठ्ठा खाली उतरवला, आणि दाजींनी तो आपल्या पलंगासमोर, बोळाच्या तोंडाशी ठेवला. डोळ्यासमोर असला की बरा.

"हे काय मधीच?" चंद्रावतीने विचारलं. ती हातात ताट घेऊन अडकली होती.

"वारा लागू दे त्याला. किती वरसं कोंडून पडलंय."

"वारा! बारा महिने नाय सुचला वारा तो." पण तीसुद्धा पदर आवरून, भिंतीला पाठ घासत, गठ्ठ्याच्या कडेने गेली. होडी होती तेव्हा अंगणभर जाळी पसरलेली असत, आणि विहिरीवर जायला चंद्रावती सगळ्या घराला वळसा घालून जाई. सवय अंगात मुरली होती.

शुक्रवारी संध्याकाळी सोसायटीची सभा झाली. पार्किंगमध्येच, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून. महादेव कामावर, सून कुमुद दवाखान्यात ड्युटीवर. दाजी एकटेच उतरले. स्वच्छ सदरा घातला होता, डोक्यावर टोपी होती. विषय पाण्याचा निघाला, लिफ्टचा निघाला. मग केतन गोड हसला.

"आणि एक छोटासा विषय. दाजी, गैरसमज नको. तुम्ही आम्हाला वडिलांसारखे. पण सोसायटीचं काही स्टँडर्ड असतं ना. आधी तो मासळीचा वास. आम्ही बोललो काही? ॲडजस्ट केलं. आता ही ठोकाठोक. उद्या कुणाला लागलं तर?"

"रईवारी पोरं किरकेट खेळतात," दाजी म्हणाले. "त्यांचा बॉल काय कापसाचा हाय?"

दोघे-तिघे हसले.

"ती लहान मुलं आहेत, दाजी."

"लहान? मिशा फुटल्यात एकेकाला. परवा दिवा फुटला तो काय वाऱ्यानं?"

हेतल मागून म्हणाली, "केतनभाई, तक्रार माझी होती. ती आता नाही. ती मुलगी मोजा घालून खेळते."

"हेतलबेन, प्रश्न एकट्या तुमचा नाही. प्रश्न पद्धतीचा आहे. मोठी मुलगी, हाफ पँट घालून, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर काठी फिरवते. पाहुणे बघतात. काय वाटत असेल? शेवटी प्रत्येक गोष्टीची एक जागा असते."

दाजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी खांबाकडे बोट दाखवलं. "जागा महादेवची हाय. त्या खांबावर नंबर लिवलाय. तुमच्याच माणसानं लिवलाय."

"जागा तुमचीच. कोण नाही म्हणतंय? पण चेंडू तुमच्या जागेत थांबतो का?" केतनने सगळ्यांकडे पाहून डोळे मिचकावले. "चेंडू त्या पिवळ्या रेषेबाहेर येणार नाही, एवढं करा. मग खेळू द्या खुशाल. मी स्वतः उभा राहून टाळ्या वाजवीन."

सगळे हसले. हेतल सोडून सगळे. दाजी उठले. लिफ्टकडे बघितलंसुद्धा नाही, जिनाच चढू लागले. पायरीगणिक एकेक शिवी तोंडात येत होती आणि ती देऊन झाली की पुढची पायरी. होडी रंगवतात फाटकावर! नाव सागराचं आणि नाकाला फडकं! माझी नात कुठे उभी राहणार ते हा ठरवणार? प्रत्येक गोष्टीची जागा असते म्हणे. बापजन्मी भरतीचं पाणी बघितलं नाही, आणि मला जागा शिकवतो!

घराचं दार उघडंच होतं. दाजी उंबऱ्यात धापा टाकत थांबले. आत अंकिता होती. तिला त्यांची चाहूल लागली नव्हती. ती स्वयंपाकघरातून बाहेर येत होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात मोज्यातला चेंडू. बोळाच्या तोंडाशी जाळ्याचा गठ्ठा पसरलेला. बाटल्या मांडायला आता तिथे जागाच नव्हती. त्या सगळ्या फ्रीजच्या आड कोपऱ्यात रचून ठेवलेल्या होत्या. गठ्ठ्याची एक दोरी सुटून भिंतीपर्यंत आली होती. पोरगी थांबली. काठी डोक्यावर उचलली, भिंतीला पाठ लावली, आणि चवड्यांवर, श्वास रोखून, इंचइंच सरकत त्या दोरीच्या टोकाला वळसा घालून आली. नखसुद्धा लागू दिलं नाही. मग इकडच्या बाजूला येऊन बसली. पलंगाच्या आणि कपाटाच्या मधल्या एवढ्याशा फटीत, मांडी घालून, बसल्या बसल्या मनगट फिरवू लागली. चेंडू हलवायला जागा नव्हती. नुसतीच काठी पालथी, सुलटी. पालथी, सुलटी.

दाजींच्या तोंडात जी शिवी आली होती ती तिथेच राहिली. ती केतनला द्यायची होती. पण समोर केतन नव्हता. बोळ कुणी अडवला होता? गच्चीला कुलूप त्याने घातलं, हे खरं. पण बोळाला कुणी घातलं? बाईच्या पायाची ती जागा नव्हं, असं याच पलंगावर बसून कुणी म्हटलं होतं? खाली त्याने गोड हसून म्हटलं, इथे आपण डोळे वटारून म्हटलं. एवढाच फरक.

दाजींना राग आला की त्यांचे कान लाल होत. आताही झाले. पण हा राग कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून ते चपला न काढताच पाणी प्यायला गेले, आणि जाताना जाळ्याच्या गठ्ठ्याची त्यांनाच ठेच लागली.

"बघून चाला," चंद्रावती आतून ओरडली. "पुजलेलं हाय ते!"

सकाळी महादेव कामावरून येऊन झोपला होता. दाजींनी अंकिताला उठवलं. "चल. एका बाजूनं धर."

"काय?"

"जाळं. माझं तोंड काय बघत बसलीस? धर."

दोघांनी गठ्ठा खाली आणला. वॉचमनची शिडी मागून घेतली. पार्किंगच्या तुळईला गणपतीच्या सजावटीचे हुक तसेच होते, सोसायटीनेच ठोकलेले. दाजींनी वरची दोरी त्या हुकांत अडकवली आणि दोन्ही कडा खांबांना बांधल्या. अंकिता म्हणाली, "आजा, ताण अजून. लोंबतंय."

"ताणलं तर उसळी मारंल गो. सैल पायजे. पोटात घ्यायला पायजे त्यानं."

खालची दोरी त्यांनी शिशाच्या गोळ्यांसकट पुढे ओढून जमिनीवर आडवी सोडली. त्यामुळे जाळ्याला मोठं पोट सुटलं. मागे भिंत, मधे पोट, पुढे जमिनीवर दोरी, आणि दोरीच्या अलीकडे पिवळी रेषा.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. हेतल बाळाला कडेवर घेऊन आली. प्रितेश आला. चंद्रावती हात पुसत उतरली, आणि आपलं जाळं गणपतीच्या हुकांना टांगलेलं बघून तिने तोंडावर पदर घेतला. केतन ऑफिसला निघाला होता, गाडीची किल्ली बोटात फिरवत आला आणि थबकला.

"हे काय? दाजी, हे... वास येतोय."

"पळस्प्याच्या हॉटेलात येतो तोच," दाजी म्हणाले. "तिथं तुला चालतो, हितं बी चालंल."

प्रितेश फिस्सकन हसला. केतनची किल्ली फिरायची थांबली.

"तू बोलला होतास," दाजी म्हणाले, "चेंडू रेषेच्या बाहेर आला नाय पायजे. उभा रहा. आला तर हे जाळं मी हितंच कोयत्यानं कापतो. नाय आला तर परत माझ्या पोरीला जागा दाखवायची नाय. कुनीच नाय."

शेवटचे दोन शब्द कुणासाठी होते ते केतनला कळलं नाही.

अंकिता मागे गेली. चेंडूवरचा मोजा काढला. गुडघे वाकवले, काठी मागे नेली आणि फटका मारला. पांढरा चेंडू जमिनीला लागून सणसणत गेला. गेला डावीकडेच, मॅडम म्हणायच्या तसा, पण जाळ्याला कुठे डावंउजवं असतं? जाळं मागे गेलं, फुगलं, आणि चेंडू मासा गळपटावा तसा खाली गळपटला. आवाजही झाला नाही. केतन मान लांब करून रेषेकडे बघत राहिला.

"कुठे गेला?"

"पोटात," दाजी म्हणाले.

"टाळ्या वाजवनार होतास ना र बाबा?" चंद्रावती म्हणाली. "का हात दुखतात?"

केतनने किल्ली धरलेल्या हाताने दोनदा कसंबसं वाजवलं आणि तो गाडीकडे गेला. पण गाडीत बसायच्या आधी त्याने एकदा मागे वळून पाहिलं, आणि दाजींना वाटलं, हा गप्प बसणारा नाही. अजून सभा होतील. होऊ देत.

चेंडू जाळ्याच्या पोटात पडून होता. तो आणायचा तर पुढची दोरी ओलांडून आत जायला हवं. डावीकडे खांब, उजवीकडे खांब. वळसा घालायला जागा नव्हती. अंकिता दोरीपाशी आली आणि थांबली. वाकून काठीने चेंडू ओढता येतो का ते तिने बघितलं, काठी पोचेना. मग तिने दाजींकडे पाहिलं. काही मागितलं नाही. नुसतं पाहिलं.

 दाजींचा सगळा जन्म गेला होता त्या दोरीमागे. बाप, आजा, गावची सगळी माणसं पाठीशी उभी राहून बघताहेत असं त्यांना वाटलं. त्यांनी टोपी काढली, परत घातली.

"बघतेस काय?" ते ओरडले. आवाज उगाचच मोठा निघाला. "ओलांड!"

"आजा, खरंच?"

"ओलांड गो! रईवार काय तुझ्यासाठी थांबनार हाय?"

अंकिताने पाय उचलला आणि पलीकडे ठेवला. चेंडू घेतला, परत आली, आणि लगेच दुसरा फटका लावला. मग तिसरा. आता ती दोरीकडे बघतही नव्हती.

दाजींनी सुस्कारा टाकला आणि वळले. मागे चंद्रावती उभी होती. पदर तोंडावरून खाली आला होता आणि डोळे असे काही पेटले होते की केतनला बोलताना त्याच्या निम्मेही पेटले नव्हते.

"अस्सं," ती म्हणाली. "एका शब्दात झालं व्हय?"

"काय?"

"काय म्हनून इचारता? भरल्या दिवसांत, डोक्यावर हंडा घिऊन, सगळ्या घराला वळसा घालून पानी आनलंय मी. पावसात, चिखलात. का, तर तुमचं जाळं अंगनात पसरलंय! गुडघं गेलं माझं वळसं घालून. आन हे 'ओलांड' तवा कुठं ठेवलं होतंत? माळ्यावर?"

दाजी खांबावरची गाठ उगाचच घट्ट करू लागले.

चंद्रावतीने नातीला हाताने थांबवलं. लुगड्याचा काष्टा नीट खोचला. दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून ती दोरी ओलांडून आत गेली, वळली, आणि ओलांडून बाहेर आली. मग दाजींकडे बघत पुन्हा आत गेली.